एका ओळीचे अनेक वाचक

मेक हे कोडपासून प्रोग्रॅम बांधणारं, म्हणजे बिल्ड करणारं, साधन. त्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये, म्हणजे मेकफाइलमध्ये, शेलचं (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) व्हेरिएबल वापरायचं असेल तर डॉलरचं चिन्ह जोडीनं लिहावं लागतं: $$. बिल्डच्या कामात नव्यानं आलेली मुलं हे लवकर शिकतात. कुणीतरी सांगतं, 'इथं दोन डॉलर टाक', ते टाकतात आणि बिल्ड हिरवं होतं. पुढं कधीतरी तीच ओळ मेकफाइलमधून उचलून साध्या शेल स्क्रिप्टमध्ये नेली जाते, आणि फोल्डरच्या नावाच्या जागी भलताच आकडा उमटतो. शेलच्या लेखी $$ म्हणजे त्या चालू शेलचा स्वतःचा प्रोसेस क्रमांक.

आमच्या टीममध्ये नांदेडहून आलेली एक मुलगी आहे. मेकफाइल वाचता वाचता तिनं विचारलं, "ताई, दोन लिहिले तर त्यातला एक जातो कुठं?" बरीच वर्षं बिल्ड आणि रिलीजचं काम करतेय, पण या विषयातला इतका नेमका प्रश्न मी दुसरा ऐकलेला नाही. एक डॉलर मेक खातो. ओळ शेलच्या हाती पडायच्या आधी मेक ती वाचतो, आणि डॉलर हे त्याच्याही कामाचं चिन्ह आहे. एकच डॉलर ठेवून पुढं एच-ओ-एम-ई लिहिलं, तर कंस नसल्यामुळे मेक फक्त पहिलं अक्षर, एच, एवढंच नाव धरतो. त्या नावाचं त्याच्याकडे काही नसतं, म्हणून तिथं रिकामी जागा येते आणि शेलपर्यंत पोचतात उरलेली तीन अक्षरं. दोन डॉलर दिसले की मेक त्यांचा एक करतो आणि तो शेलकडे सोपवतो. "म्हणजे ही ओळ दोघं वाचतात," ती म्हणाली. मी मान डोलावली. एस्केपिंगबद्दल, म्हणजे खास अर्थाचं चिन्ह साधं चिन्ह म्हणून पोचवण्याबद्दल, तिला आणखी जे काही सांगायचं होतं ते या वाक्यावरच उभं राहणार होतं.

आजच्या पाइपलाइनमध्ये, म्हणजे बिल्डपासून पुढच्या आपोआप चालणाऱ्या साखळीत, वाचणारे दोघांवर थांबत नाहीत. प्रोग्रॅम सर्व्हरवर चढवणारी, डिप्लॉयची, एक साधी ओळ घ्या. ती यामल नावाच्या मांडणीतल्या फाइलमध्ये लिहिलेली असते, म्हणून यामलचा पार्सर ती पहिल्यांदा वाचतो. मग पाइपलाइनचं इंजिन तिच्यातले स्वतःचे कंस शोधून तिथं किमती भरतं. मग शेल वाचतं. त्या ओळीत एसएसएच (दूरच्या मशिनवर कमांड चालवणारं साधन) असेल तर पलीकडच्या मशिनवरचं शेल ती पुन्हा वाचतं, कारण एसएसएच सगळे शब्द एका स्ट्रिंगमध्ये जोडून पाठवतं आणि इकडे घातलेली अवतरणं तोवर उतरलेली असतात. पलीकडे सेड हे मजकूर बदलणारं साधन चालणार असेल तर तो ती रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शोधायच्या मजकुराचा नमुना, म्हणून वाचतो. शेवटी जी कॉन्फिग फाइल तयार होते, ती ॲप्लिकेशन आपल्या नियमानं वाचतं. लखोट्यात लखोटा घालून पाठवावा तसं हे आहे: वाटेतला प्रत्येक जण एक लखोटा फोडणार, म्हणून जितके फोडणारे तितके लखोटे हवेत. कमी पडले तर आतलं पत्र अध्येमध्ये उघडं पडतं, जास्त झाले तर शेवटच्या माणसाच्या हातात पत्राऐवजी बंद लखोटा जातो. एक बॅकस्लॅश शेवटपर्यंत पोचवायचा तर बॅकस्लॅशला मानणारा प्रत्येक वाचक ती संख्या दुप्पट करायला लावतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. आठ बॅकस्लॅश ओळीनं उभे असलेली स्क्रिप्ट ज्यानं पाहिली आहे, त्याला ती कुणी आणि कशी लिहिली असेल हे लगेच कळतं. एकेक वाढवत गेले, आणि चालली तिथं थांबले.

हे थांबणं मला खटकतं. 'चाललं ना' या कसोटीवर लिहिलेलं एस्केपिंग त्या दिवशीच्या डेटापुरतं बरोबर असतं.

मेक लिहिला स्टुअर्ट फेल्डमन यांनी, १९७६ मध्ये, बेल लॅब्जमध्ये. नियमाखालची प्रत्येक कमांड टॅबनंच सुरू झाली पाहिजे, ही त्याची अट आजही नव्या माणसाला अडवते. आठ स्पेस आणि एक टॅब डोळ्याला सारखेच दिसतात, मेकला दिसत नाहीत. फेल्डमन यांनी नंतर सांगितलं आहे की, काही आठवड्यांतच डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांची मोडतोड नको म्हणून टॅब तसाच राहिला. मेकबद्दल २००३ मध्ये त्यांना एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. मेकमध्ये नावांची यादी ही स्पेसनं तोडलेली एक सलग ओळ असते. म्हणून ज्या फाइलच्या नावातच स्पेस आहे ती मेकला धडपणे सांगता येत नाही. काही ठिकाणी बॅकस्लॅश लावून भागतं, पण यादीवर चालणारी त्याची फंक्शन्स त्या बॅकस्लॅशला जुमानत नाहीत. ज्या काळात फाइलला छोटं, सुटसुटीत, एका शब्दाचं नाव द्यायचा रिवाज होता, त्या काळातलं हे गृहीतक आहे. 'अंतिम अहवाल मार्च' असं नाव फाइलला कुणी देईल हे तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं.

शेलकडे मात्र मी आदरानं बघते. स्टीफन बॉर्न यांचं शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलं आणि त्यातली अवतरणांची पद्धत आजही तशीच आहे. एकेरी अवतरणाच्या आत काहीही विशेष नसतं. डॉलर हा डॉलर, बॅकस्लॅश हा बॅकस्लॅश, नवी ओळ ही नवी ओळ. इतकी स्वच्छ हमी दुसऱ्या फार थोड्या भाषांनी दिलेली आहे. या हमीची किंमत एकच: एकेरी अवतरणाच्या आत खुद्द एकेरी अवतरण लिहिता येत नाही. त्यासाठी अवतरण बंद करायचं, बाहेर येऊन बॅकस्लॅशसकट ते चिन्ह लिहायचं आणि अवतरण पुन्हा उघडायचं: '\''. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा टायपिंगचा घोळ वाटतो. नीट वाचलं तर चारही चिन्हांचं काम वेगळं आहे, आणि ही युक्ती कुठल्याही मजकुराला लागू पडते. दुहेरी अवतरणात डॉलर, उलटं अवतरण आणि बॅकस्लॅश जागे राहतात, म्हणून व्हेरिएबलची किंमत हवी तिथं दुहेरी आणि अक्षरशः मजकूर हवा तिथं एकेरी.

त्या एका चिन्हामुळे जी माणसं अडतात ती आपल्या आसपासचीच आहेत. गोव्यात, वसईत, मुंबईच्या उपनगरांत डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा आडनावाची किती कुटुंबं आहेत! रोमन लिपीत यातली अनेक जण डी नंतर वरचा स्वल्प लावतात. रिलीज नोट्स आपोआप तयार करणारी स्क्रिप्ट कोड जमा (कमिट) करणाऱ्याचं नाव घेते, टेम्प्लेट ते नाव थेट कमांडच्या मजकुरात चिकटवते, आणि तो स्वल्प शेलला उघडलेलं अवतरण वाटतो. पुढं ते बंद करणारं काही सापडत नाही आणि बिल्ड पडतं. नाव आधी व्हेरिएबलमध्ये आलं असतं आणि तिथून दुहेरी अवतरणात वापरलं असतं, तर काही झालं नसतं. शेल आधी ओळीचं व्याकरण लावतं आणि मग किमती भरतं. भरलेल्या किमतीतली अवतरणं ते पुन्हा अवतरणं म्हणून वाचत नाही. चिकटवलेला मजकूर आणि भरलेली किंमत यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना तो कुणी समजावून सांगितलेला नसतो.

अशा वेळी हमखास एक तोडगा पुढं येतो: नावातून ते चिन्ह गाळून टाका. याला माझा कायम विरोध असतो. नाव त्या माणसाचं आहे. चार पिढ्या ज्या स्वल्पासकट ते लिहिलं गेलं, तो आमच्या स्क्रिप्टच्या सोयीसाठी गळावा हे मला मान्य नाही. 'देशपांडे & सन्स' अशा पाटीची दुकानं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यातलं & शेलला 'ही कमांड मागे चालू ठेव' असं सांगतं. सेडच्या बदलीच्या मजकुरात त्याचा अर्थ आणखी निराळा: 'जे सापडलं तेच इथं पुन्हा ठेव'. कॉन्फिग फाइलमधली ठरावीक खूण काढून तिथं पासवर्ड बसवायचा आणि पासवर्डात & असेल, तर सेड काहीही तक्रार न करता त्या जागी ती खूणच परत बसवतो. स्क्रिप्ट यशस्वी म्हणून संपते. ॲप्लिकेशन मात्र डेटाबेसला जोडलं जात नाही, आणि लोक पासवर्ड चुकला का हे तपासत बसतात.

बॅकस्लॅशची गोष्ट थोडी वेगळी. १९६१ च्या सुमारास बॉब बीमर यांच्या प्रयत्नातून तो ॲस्की या संगणकाच्या चिन्हसंचात आला. अल्गोल भाषेतली 'आणि' व 'किंवा' ही तार्किक चिन्हं /\ आणि \/ अशी दोन तिरक्या रेघांनी काढता यावीत, हे त्याचं कारण होतं. तर्काची चिन्हं म्हणून तो फारसा रुळला नाही. युनिक्स आणि सी भाषेनं त्याला एस्केपचं काम दिलं. पुढं १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आली, पण पुढं झुकणारी तिरकी रेघ आधीच कमांडच्या स्विचांसाठी वापरात होती, म्हणून पाथ तोडायला बॅकस्लॅश घेतला गेला. एकाच चिन्हाला दोन नोकऱ्या लागल्या. विंडोजवरचा एखादा पाथ घ्या: सी ड्राइव्ह, त्यात टेम्प, त्यात न्यू. सीच्या वळणाची कुठलीही भाषा तो वाचताना टेम्पमधल्या टीला टॅब करते आणि न्यूमधल्या एनला नवी ओळ.

जावाच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये आम्ही हेच भोगलं, आणि तिथं प्रश्न आपल्या लिपीचाही होता. त्या फाइली लॅटिन-१ एन्कोडिंगमध्ये वाचल्या जात. देवनागरी तिच्यात बसत नाही, म्हणून प्रत्येक अक्षर बॅकस्लॅश, यू आणि चार अंक अशा सहा चिन्हांत लिहावं लागे. 'मराठी' हा शब्द युनिकोडमध्ये पाच चिन्हांचा, म्हणजे फाइलमध्ये तीस. नेटिव्ह-टू-ॲस्की नावाचं एक साधन जेडीके या जावाच्या साधनसंचाबरोबर मिळायचं, आणि अँट या बिल्डच्या साधनात त्याच नावाचं टास्क होतं. बिल्डमध्ये ती एक पायरीच असे. वाटेत बॅकस्लॅश खाणारं एखादं साधन आलं की स्क्रीनवर मराठीच्या जागी यू आणि आकड्यांची रांग दिसायची. २०१७ मधल्या जावा ९ पासून भाषांतराच्या फाइली यूटीएफ-८ मध्ये वाचल्या जाऊ लागल्या आणि ते साधन काढून टाकलं गेलं. आता भाषांतराची फाइल उघडली की सरळ मराठी दिसतं. भाषांतर तपासणाऱ्या माणसाला स्वतःची भाषा आकड्यांऐवजी अक्षरांत वाचता यावी, ही मला फार मोठी सुधारणा वाटते.

युनिकोडआधीच्या फॉन्टांचा मजकूर अजूनही कार्यालयांतून येतो. कृतिदेवमध्ये 'य' म्हणजे आतून इंग्रजी अर्धविराम. 'श' एकेरी अवतरणानं सुरू होतो, 'ष' दुहेरीनं, 'ख' चौकटी कंसानं. पडद्यावर दिसणारं एखादं साधं मराठी वाक्य शेलपुढं ठेवलं, तर प्रत्येक 'य'पाशी एक कमांड संपते. युनिकोडमध्ये हे दुखणं गेलं, पण दुसरं आहे: 'सुऱ्या' लिहिताना कुणी ऱ हे वेगळं अक्षर वापरतं, कुणी साधा र आणि हलन्तानंतर न दिसणारा जोडक. दोन्ही नावं पडद्यावर अगदी सारखी दिसतात. बिल्ड एक फाइल शोधत असतं आणि फोल्डरमध्ये दुसरीच असते.

या सगळ्याला किरकोळ समजणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलनं मॅक ओएस टेनसाठी आयट्यून्स २.० काढलं. त्याच्या इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टमध्ये जुनी प्रत पुसणारी एक ओळ होती आणि तिच्यातल्या पाथभोवती अवतरण नव्हतं. ज्यांच्या डिस्कच्या नावात स्पेस होती, त्यांच्यातल्या काहींचं पार्टिशनच पुसलं गेलं. ॲपलनं तो इन्स्टॉलर मागं घेऊन २.०.१ दिलं. दुसरी २०११ मधली. बंबलबी या लिनक्सवरच्या ग्राफिक्स प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये पुसायच्या पाथच्या मधोमध एक स्पेस पडली. यूएसआर या सिस्टिमच्या मुख्य फोल्डरच्या आतलं एक खोलवरचं फोल्डर जायचं होतं, त्याऐवजी अख्खं यूएसआर गेलं. पहिल्या गोष्टीत स्पेस नावाचा भाग होती आणि शेलनं तिला सीमा मानलं. दुसरीत स्पेस चुकून आली आणि शेलनं तिला तितक्याच निष्ठेनं सीमा मानलं. शेलकडे आपला हेतू ओळखायला ती स्पेस सोडून दुसरं काही नसतं.

विंडोजवर प्रश्न मुळातच जास्त अवघड आहे. युनिक्समध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याला सुरू करतो तेव्हा आर्ग्युमेंट्स, म्हणजे त्याला द्यायच्या किमती, सुट्या सुट्या यादीनं जातात. विंडोजमध्ये एक सलग ओळ जाते आणि तिचे तुकडे कसे करायचे हे समोरचा प्रोग्रॅम ठरवतो. सर्वसाधारण नियमात अवतरणाआधीचा बॅकस्लॅश त्या अवतरणाला साधं चिन्ह करतो. म्हणून एमएसबिल्ड या मायक्रोसॉफ्टच्या बिल्ड साधनात आउटपुट फोल्डरचा पाथ शिस्तीत अवतरणात ठेवला तरी घात होतो: त्या पाथच्या शेवटी नेहमीच बॅकस्लॅश असतो, तो बंद होणाऱ्या अवतरणाला गिळतो आणि पुढचं सगळं पाथमध्ये शिरतं. अवतरणाआधी एक टिंब टाकायचा उपाय अनेक प्रोजेक्टांत दिसतो. ते टिंब का आहे हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं आणि नंतरचा कुणीतरी ते नको म्हणून काढतो. बॅच फाइलचे नियम पुन्हा वेगळे. तिथं एस्केपचं चिन्ह ^ आहे, टक्क्याचं चिन्ह फाइलमध्ये दोनदा लिहायचं, तीच ओळ हातानं टाइप केली तर एकदाच.

२०२४ च्या एप्रिलमध्ये हाच प्रश्न सुरक्षेच्या दारानं आला. विंडोजवर बॅच फाइल सुरू केली की मध्ये कमांड प्रॉम्प्टचा इंटरप्रिटर येतो, हे बऱ्याच भाषांच्या लायब्ररींनी नीट हिशेबात धरलं नव्हतं. बाहेरून आलेलं आर्ग्युमेंट नीट रचलं तर त्यातून वेगळीच कमांड चालवता येत होती. रस्ट या भाषेनं १.७७.२ या आवृत्तीत दुरुस्ती केली. तिच्यातला एक निर्णय मला मनापासून पटतो. एस्केपिंग अधिक कडक केलं, आणि जे आर्ग्युमेंट सुरक्षितपणे एस्केप करता येणार नाही असं दिसेल, त्यासाठी लायब्ररी सरळ एरर देते. कमांड सुरूच करत नाही. 'मला हे बिनधोक पोचवता येत नाही' असं सांगणाऱ्या साधनावर मी जास्त भरवसा ठेवते.

माझा स्वतःचा आग्रह यातूनच आला आहे. बॅकस्लॅश मोजण्यात हुशारी खर्च करण्यापेक्षा वाचणारे कमी करावेत. डेटा आणि हुकूम एकाच मजकुरात मिसळले की पुढच्या प्रत्येकाला ते वेगळे करावे लागतात, आणि प्रत्येक जण ते आपल्या पद्धतीनं करतो. पायथॉनमधून कमांड चालवायची तर एक लांब स्ट्रिंग शेलला देण्यापेक्षा आर्ग्युमेंट्सची यादी द्यावी. मधलं शेलच जातं. डॉकरफाइलमध्ये (कंटेनर बांधायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कमांड चौकटी कंसातल्या यादीनं लिहिली तरी तेच होतं. गिटहब ॲक्शन्स या पाइपलाइनमध्ये पुल रिक्वेस्टचं (कोडमधल्या बदलाच्या प्रस्तावाचं) शीर्षक स्क्रिप्टच्या मजकुरात चिकटवलं, तर बाहेरचा कुणीही शीर्षकातून आपल्या बिल्डमध्ये कमांड चालवू शकतो. ते शीर्षक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवून शेलनं तिथून उचलावं, ही त्यांच्याच मार्गदर्शनातली शिफारस आहे. फाइलींची यादी एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची तर शून्य किमतीच्या बाइटनं तोडावी. युनिक्समध्ये पाथमध्ये तो एक बाइट कधीच येऊ शकत नाही. नवी ओळसुद्धा नावात चालते. फाइंड आणि एक्सआर्ग्ज या कमांडांमधली ही सोय कित्येक वर्षं फक्त काही अंमलबजावण्यांत होती, २०२४ च्या पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणकात ती प्रमाण झाली. मला त्या बातमीनं झालेला आनंद घरात कुणाला समजावून सांगता आला नाही, तरी तो खरा होता.

जिथं एस्केप करावंच लागतं, तिथं हातानं करू नये. बॅशच्या प्रिंटएफमध्ये क्यू नावाचा फॉरमॅट आहे, पायथॉनमध्ये शेलसाठी अवतरण घालणारं फंक्शन ३.३ पासून शेलेक्समध्ये आहे, पर्लमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी तशीच सोय आहे. यातलं प्रत्येक साधन एकाच वाचकासाठी बनलेलं असतं हे मात्र धरून चालावं. शेलसाठी अवतरणात बसवलेला मजकूर सेडसाठी तयार झालेला नसतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये अशी ओळ दिसली की मी तिच्या डोक्यावर कॉमेंट मागते: ही ओळ कोण कोण वाचणार, क्रमानं.

आमच्या रिपॉझिटरीत आता एक चाचणी कायमची आहे. ती सगळा कोड एका फोल्डरमध्ये कॉपी करते आणि तिथून बिल्ड चालवते. त्या फोल्डरच्या नावात स्पेस आहे, वरचा स्वल्प आहे, डॉलर, टक्का आणि & आहे, आणि शेवटी 'सुऱ्या' हा शब्द आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारं नाव हवं होतं, म्हणून तारांकन आणि प्रश्नचिन्ह सोडावं लागलं. नांदेडच्या त्या मुलीनंच ते नाव ठरवलं. पायथॉनचा भाग त्यातून पार होतो, शेलच्या स्क्रिप्ट्स पार होतात. मेकचा भाग होत नाही, आणि तो बॅकस्लॅशनं ओढूनताणून चालवायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे. मेकफाइलच्या सुरुवातीलाच चालू फोल्डरचा पाथ तपासला जातो, आणि त्यात स्पेस असेल तर एकही फाइल बनवण्याआधी किंवा पुसण्याआधी बिल्ड थांबतं आणि सांगतं: 'या पाथमध्ये स्पेस आहे, मेकला हे नाव नीट वाचता येत नाही, कोड दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा.' हा संदेश मराठीत आणि इंग्रजीत असा दोन्हींत छापला जातो. त्यात पाथ छापताना तो कसा एस्केप करायचा, यावर सध्या आमची चर्चा चालू आहे.